झीज, मोड आणि अडगळ : शहापूर-मुरबाडकडील मुसळाचे उत्तरायुष्य

कलावंताच्या हातातील हत्यार झिजून निकामी झाले म्हणजे त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न कलेच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. चित्राचा इतिहास लिहिला जातो, चित्रकाराचाही लिहिला जातो. कुंचल्याचा सहसा कोणी लिहीत नाही. विसाव्या शतकात पाश्चात्त्य कलावंतांनी मात्र या उपेक्षित वस्तूंकडे लक्ष वळविले. १९४२ साली पिकासोने जुन्या सायकलीची बैठक आणि तिचा दांडा एकत्र जोडून बैलाचे मस्तक उभे केले. १९६० मध्ये जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराने कॉफीचा डबा व त्यात खोचलेले कुंचले ब्राँझमध्ये ओतविले, आणि वर असा रंग दिला की पाहणाऱ्यास ते खरेच वाटावेत. त्याच देशातील जिम डाइन याने १९६२ मध्ये खरीखुरी हत्यारे फळीवर टांगून त्यांचेच चित्र केले. त्याच्या आजोबांचे लोखंडी सामानाचे दुकान होते ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या प्रयोगांपासून जीर्ण हत्यार ही कलावस्तू होऊ शकते हा विचार रूढ झाला, आणि आपल्याकडेही तो तेथूनच आला असे सामान्यतः गृहीत धरले जाते.

हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या परिसरात जी हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, त्यांपैकी काहींना काम सुटल्यानंतर दुसरे आयुष्य लाभले. ते विधीत लाभले, गाण्यात लाभले आणि भाषेत तर विपुल लाभले. परंतु हे उत्तरायुष्य सगळ्याच हत्यारांच्या वाट्यास आले नाही. ते कोणास मिळाले व कोणास मिळाले नाही याचा उलगडा व्हावयाचा तर आधी मराठीतील तीन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत: झीज, मोड आणि अडगळ. माझा विषय भाषाशास्त्राचा असल्यामुळे इतिहासात शिरण्यासाठी मी शब्दाचे दार निवडले आहे.

प्रथम ‘हत्यार’ हाच शब्द घेऊ. पुस्तकी मराठीत त्याचा अर्थ शस्त्र असा होतो. पण सुतार, लोहार, चांभार यांच्या बोलण्यात हत्यार म्हणजे कामाचे साधन. करवत हे सुताराचे हत्यार, वस्तरा हे न्हाव्याचे. फारसीतून आलेला ‘औजार’ हा शब्द याच अर्थाने आहे. पण हत्यार या शब्दात हात अजून दिसतो, औजारात तो दिसत नाही. आश्विन शुद्ध नवमीस ‘खंडेनवमी’ म्हणतात ते खांडा म्हणजे तलवार यावरून. तथापि त्या दिवशी तलवारीबरोबर, आणि तलवार नसलेल्या असंख्य घरांत तलवारीऐवजी, कोयता, विळा, कुऱ्हाड, वाकस, हातोडा यांची पूजा होते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याच दिवसांत यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या दिसतात. पूजेसाठी नवे हत्यार विकत आणावे लागत नाही. रोजच्या वापरातले हत्यार धुऊन पुसून मांडले जाते.

आता ‘झिजणे’. संस्कृतात ‘क्षि’ धातूचे ‘क्षीयते’ हे रूप आहे. त्याचे प्राकृतात ‘झिज्जइ’ झाले. क्षचा सामान्यतः ख होतो, पण काही शब्दांत छ किंवा झ होतो, असे सांगताना हेमचंद्राने आपल्या व्याकरणात हेच रूप उदाहरणादाखल दिले आहे. मराठी ‘झिजणे’ थेट त्या ओळीतले. क्षय आणि झीज हे असे एकाच कुळातले शब्द. परंतु दोहोंच्या अर्थच्छटा किती वेगळ्या झाल्या! क्षय म्हणजे नाश, आणि रोगाचेही नाव. झिजण्यात मात्र नाशापेक्षा देणे अधिक आहे. चंदन सहाणेवर झिजते तेव्हा गंध मिळते. माणूस संसारासाठी झिजतो तेव्हा कोणी त्याला क्षयी म्हणत नाही. उंबरठे झिजवणे, जोडे झिजवणे यांत थोडा उपरोध आहे खरा, पण तेथेही झीज ही खटपटीची खूण म्हणूनच येते. पदार्थागणिक आपण क्रियापदे बदलतो, हेही अर्थपूर्ण आहे. लोखंड व दगड झिजतात, कापड विरते, लाकूड किडते किंवा कुजते, धार बोथटते, मडके फुटते. फुटण्याला क्षण असतो, झिजण्याला आयुष्य लागते.

‘मोड’ हा शब्द याच्या विरुद्ध टोकाचा. जुन्या, फुटक्या धातूच्या वस्तू वजनावर घालावयाच्या तेव्हा त्यांस ‘मोड’ म्हणतात. त्यावरून ‘मोडीत काढणे’. मोडीत गेलेल्या वस्तूला आकार नसतो, नाव नसते, फक्त वजन असते. तांब्याचा हंडा आणि तांब्याची पळी तेथे सारखीच. ‘भंगार’ हाही त्याच व्यवहारातला शब्द. आणि गंमत अशी की उच्चाराने त्याला अगदी जवळचा असलेला ‘भांगार’ हा शब्द जुन्या मराठीत व आजच्या कोकणीत सोन्याचा वाचक आहे. त्याचे मूळ निराळे, पण गोव्याचा माणूस ठाण्यास आला म्हणजे भंगारवाल्याची पाटी वाचून क्षणभर थबकत असला पाहिजे.

तिसरा शब्द ‘अडगळ’. त्याच्याकडे शेवटी येऊ.

ज्या प्रदेशाविषयी आपण बोलत आहोत तो भाताचा प्रदेश आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, माहुली, गोरखगड, सिद्धगड यांच्या छायेत वसलेल्या या दोन तालुक्यांत कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती आहे. ठाकुरांच्या जीवनाचा सविस्तर अभ्यास ल. ना. चापेकर यांनी १९६० साली इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ या ग्रंथात याच परिसरातील एका गावाचा बारीकसारीक तपशील नोंदविला होता. देशावर घरोघर जाते हे मुख्य साधन. भाताच्या मुलखात त्याच्या आधी येतात उखळ आणि मुसळ. म्हणूनच ओवीविषयी लिहिताना केवळ जात्याचाच विचार करण्याची जी सवय आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांस लागली आहे, ती येथे बाजूस ठेवणे अवश्य आहे.

ओवीचा अगदी जुना आणि महत्त्वाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. हा ग्रंथ शके १०५१ मधला, म्हणजे इसवी सन ११२९ चा. महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असे तेथे म्हटले आहे, आणि ती कोणत्या कामाच्या वेळी गातात तेही सांगितले आहे. ते काम दळणाचे नव्हे. ग्रंथकाराने वापरलेला शब्द ‘कण्डन’ असा आहे; कण्डन म्हणजे कांडणे. ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे नोंदली गेलेली ही ओवी जात्यावरची नसून मुसळावरची आहे, ही गोष्ट भाताच्या मुलखातील अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये. मराठी ‘कांडणे’ हे क्रियापद त्याच कण्डनातून आलेले आहे, आणि त्या कामाच्या मजुरीसही ‘कांडप’ म्हणतात.

कांडण्याची क्रिया पाहिली म्हणजे गाण्याशी तिचे नाते का जुळले ते ध्यानात येते. दोघीजणी उखळाच्या दोन बाजूंस उभ्या राहतात. एकीचे मुसळ वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते. तोल चुकला तर मुसळांवर मुसळे आदळावयाची. ओवीची चाल हा घाव सांभाळते, आणि घाव ओवीला ठेका देतो. येथे हत्यार आणि वाद्य या दोन वस्तू नाहीतच. ओवी रचणाऱ्या, गाणाऱ्या बाईस कलावंत म्हणावे काय, असा संशय कोणी घेईल. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढी रचना ज्यांच्या तोंडून झाली त्यांना कलावंत म्हणावयाचे नाही, तर तो शब्द कोणासाठी राखून ठेवावयाचा?

या कलावंतिणीचे हत्यार कसे झिजते? मुसळ कठीण लाकडाचे असते, पुष्कळदा खैराचे. त्याच्या तळाशी लोखंडी कडी बसविलेली असते. घावागणिक कडी झिजते. ती सैल पडली म्हणजे लोहार नवी घालून देतो आणि त्या खटाटोपात लाकूड थोडे तासले जाते. मध्यावर जेथे मूठ पडते तेथे लाकूड गुळगुळीत होते. म्हणजे मुसळ दोन ठिकाणी दोन प्रकारांनी झिजते: खाली भाताने, मध्ये हाताने. जात्याचे असेच आहे. दगड गुळगुळीत झाला म्हणजे दळण नीट पडत नाही. मग टाकी लावून त्याचे पृष्ठ खडबडीत करावे लागते, आणि प्रत्येक टाकीगणिक दगड पातळ होत जातो. घर्षणाने झीज व्हावयाची ती होतेच. हत्यार कामाचे राहावे म्हणून जे करावयाचे त्यानेही ते झिजते. विळा पाजवणाऱ्या लोहाराचा अनुभव हाच. टाकीचे हे काम इतके महत्त्वाचे होते की त्यावरून एका अख्ख्या जमातीस ‘टकारी’ हे नाव पडले. ज्यांनी महाराष्ट्राची जाती चालती ठेविली त्यांना ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींत गणले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी नावाला चिकटलेला डाग पुसावयास कायदा पुरत नाही. हे थोडे विषयांतर झाले, परंतु हत्याराच्या इतिहासात हत्यार सांभाळणाऱ्यांचा इतिहास येणारच.

झिजलेल्या मुसळाच्या नशिबी काय येते, हे आता पाहू. लग्नाच्या आधी ‘घाणा भरणे’ हा विधी होतो. घाणा हा मुळात तेल्याचा. पण या विधीत प्रमुख असते ते मुसळ. मुसळांना आंब्याची पाने, हळकुंड, सुपारी बांधतात. सवाशिणी ती हातात धरून कांडल्यासारखे करतात आणि गाणी म्हणतात. जात्यालाही असेच सजवून त्यावर हळद दळतात. भात गिरणीत जाऊ लागले, मसाला गिरणीत कुटला जाऊ लागला, तरी हा एक दिवस मुसळावाचून साजरा होत नाही. येथे घडते ते असे: कामासाठी केलेले हत्यार कामातून मोकळे होते, परंतु कामाची नक्कल त्याच्याकडून करविली जाते, आणि त्या नकलेलाच अर्थ प्राप्त होतो. यास कलाकृती म्हणावयाचे नसेल तर नाट्य म्हणावे; पण पिकासोच्या बैलात आणि या मुसळात एक फरक आहे. पिकासोची बैठक बैल झाली तेव्हा ती बैठक राहिली नाही. घाण्यातले मुसळ मुसळच राहते.

याहून विलक्षण उदाहरण वरवंट्याचे. मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा करतात. जवळ विळा किंवा कोयता ठेवतात, आणि सटवाईने बाळाचे नशीब लिहावे म्हणून कोरा कागद व लेखणी. एका पाटावर स्वयंपाकघराचे, शेताचे आणि विद्येचे अशी तीन हत्यारे एकत्र येण्याचा प्रसंग दुसरा नसेल. पुढे बारशास वरवंट्यालाच बाळ समजून नटवितात, आणि पाळण्याच्या वरून व खालून दोघी बायका तो एकमेकींकडे देतात. मग खरे बाळ पाळण्यात येते. वरवंटा येथे वंशाची मूर्ती झाला आहे. मूर्तिकाराने ती घडविलेली नाही. वर्षानुवर्षे चटणी-मसाला वाटताना बायकांच्या तळहातांनी तिची गोलाई सिद्ध केली आहे. दगडाला टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही अशी म्हण आहे; वरवंट्याच्या बाबतीत टाकीबरोबर तळहातही आला पाहिजे.

मूर्तीसंबंधी आपला दंडक येथे आठवतो. भंगलेली मूर्ती पूजेस चालत नाही, तिचे विसर्जन करतात. पण झिजलेली मूर्ती? देव्हाऱ्यातील टाक अभिषेकाने आणि घासण्याने झिजून नाकडोळे हरवून बसतो, तरी तो पूजेतून सहसा उठत नाही. कित्येक घरांत झीज हाच त्याच्या जुनेपणाचा, म्हणून खरेपणाचा पुरावा मानतात. अर्थात तो फुटला, चेपला की प्रश्न निराळा. झीज आणि भंग यांतील जी सीमारेषा भाषेत आहे तीच धर्माचारातही अशी स्पष्ट उमटलेली दिसते, आणि हत्यारांनाही तीच लागू पडते.

मुसळाच्या बाबतीत या सीमारेषेची एक कथा भारतीय परंपरेने जपून ठेविली आहे. यादवांच्या पोरांनी सांबाला गर्भवतीचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली, आणि शाप मिळून लोखंडी मुसळ उपजले. ते झिजवून, चूर्ण करून समुद्रात टाकले. चुऱ्यातून लव्हाळे उगवले व त्यांनीच यादवांनी एकमेकांस मारले. झिजवता झिजवता जो तुकडा उरला तो मासळीने गिळला, आणि पुढे एका व्याधाने तो आपल्या बाणाच्या टोकास लाविला. त्याच बाणाने कृष्णाचा अवतार संपला. भागवताच्या अकराव्या स्कंधातील ही कथा एकनाथांच्या भागवतामुळे मराठी खेड्यांत घरोघर पोचली. व्याधाचे नाव ‘जरा’ असे आहे. जीर्ण या शब्दाचे आणि जरेचे मूळ एकच; झिजलेल्या मुसळाचा शेवटचा कण झिजेचेच नाव धारण करणाऱ्याच्या हाती यावा, यात कथाकाराची भाषेवरील पकड दिसते. झिजवल्याने वस्तू संपत नाही, तिचा अर्थ तीव्र होतो, हे या कथेइतके परखडपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

भाषेत तर मुसळ अजूनही पुरते कामावर आहे. पाऊस मुसळधार पडतो, आणि माळशेजच्या तोंडाशी राहणाऱ्यास ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही. एखाद्याचे उखळ पांढरे होते. सारे करून शेवटी मुसळ केरात जाते. या शेवटच्या वाक्प्रचाराकडे विशेष लक्ष द्यावे. श्रम व्यर्थ गेल्याची परमावधी सांगावयाची तर मराठी माणसाने मुसळ केरात गेल्याचे चित्र काढले. म्हणजे मुसळाची जागा केरात नाही, ही समजूत भाषेने गृहीतच धरलेली आहे. ‘हातसडीचा तांदूळ’ हा शब्दही असाच टिकला आहे. त्याची पाकिटे शहरातील दुकानांत चढ्या भावाने विकली जातात. तो तांदूळ कोणाच्या हाताने सडला हे पाकिटावर लिहिलेले नसते.

याच्या नेमकी उलट तऱ्हा वारल्यांच्या चित्रकलेची. लग्नचौक काढावयाचा तो सवाशिणींनी, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. आणि हत्यार म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ही काडी वापराने चांगली होत जाते आणि मग अकस्मात निकामी होते. ती कोणी जपत नाही, तिची पूजा होत नाही, तिच्यावर म्हण नाही. परंतु तिच्याबरोबर चित्रही पुढल्या सारवणात नाहीसे होत असे. हत्यार आणि कलाकृती यांचे आयुष्य जवळजवळ सारखेच होते, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून त्यांना जगभर कीर्ती मिळाली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. डहाणूचा तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला आहे. कागदाने चित्रास आयुष्य दिले, काडीला दिले नाही. संग्रहालयांत चित्रे आहेत. चावलेली काडी जपून ठेवण्याची कल्पना, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या कलेच्या स्वभावातच बसत नाही. ती आणून काचेखाली ठेवणे हा अभ्यास होईल, परंपरा होणार नाही.

खैराच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली आहे. खैराची साल काढून आतल्या लाकडाचे तुकडे मडक्यांत उकळावयाचे व काथ काढावयाचा, हा ज्यांचा धंदा ते काथकरी, म्हणजे कातकरी. सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली आणि हा धंदा आवळत गेला. भट्टी गेली, मडकी गेली, कुऱ्हाडीला खैर मिळेनासा झाला. हत्यारे झिजण्याच्या आतच त्यांचे काम नाहीसे झाले. राहिले ते जमातीचे नाव. एका संपूर्ण धंद्याचे स्मारक म्हणून एक शब्द तेवढा उरला, आणि तो उच्चारणाऱ्यांतील बहुतेकांस त्यातील काथ ऐकू येत नाही.

येथे ‘अडगळ’ या शब्दाचे स्थान येते. जी वस्तू झिजलेली नाही, मोडलेलीही नाही, पण जिचे काम कोणी काढून घेतले आहे, ती अडगळ. शहापूर-मुरबाडमध्ये आज प्रश्न आहे तो या तिसऱ्या प्रकारचा. भातसा धरणाचे पाणी मुंबईस जाते. त्या जलाशयाखाली शेते गेली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. जमीन गेली म्हणजे नांगराचा फाळ झिजावयाचा थांबतो, आणि झिजावयाचा थांबलेला फाळ गंजू लागतो. गंज ही झीज नव्हे. तिला हात लागलेला नसतो. माळशेजच्या वाटेवरील शेतघरांत व विश्रामगृहांत बैलगाडीची चाके भिंतीला टेकवून, जाती बागेत मांडून, मुसळे दाराशी उभी करून जी शोभा केलेली दिसते, ती मला म्हणूनच खटकते. वस्तू जुन्या आहेत, मांडणीही पुष्कळदा नेटकी असते; पण त्यांवर पॉलिश चढविलेले असते, आणि पॉलिशने पहिली जी गोष्ट नाहीशी होते ती झीज. मुठीची जागा व इतर लाकूड सारखेच चकाकू लागते. हे रूपांतर मोडीत काढण्यासारखेच आहे. फक्त मोडीत वजन उरते, येथे आकार उरतो.

याचा अर्थ जुनी हत्यारे गोळाच करू नयेत असा कोणी घेऊ नये. दिनकर गंगाधर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही लिहीत, त्यांनी सुमारे १९२० पासून अडकित्ते, दिवे, वजऱ्या, दौती, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या. बालवयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यास त्यांचे संग्रहालय उभे आहे. तो संग्रह पाहताना प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हातातून नुकतीच सुटली आहे असा भास होतो, कारण केळकरांनी बहुधा झिजेला हात लाविला नाही. जॉन्सचे ब्राँझचे कुंचले पाहून त्याच्या कौशल्याचे नवल वाटते. पण त्या कुंचल्यांनी कधी रंग उचललेला नाही. त्यांची झीज ओतीव आहे.

आपल्या विभागांतून विद्यार्थी खेड्यांत जातात, वस्तू आणतात, शब्द टिपतात. वस्तू एका खोलीत जातात, शब्द दुसऱ्या वहीत, ही पद्धत बदलली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. मुरबाडच्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजकुलातील स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक, राणी नायनिका, राजा सातकर्णी आणि इतर. आज प्रतिमांपैकी काहींची पावले तेवढी ओळखू येतात. त्यांच्या डोक्यावर कोरलेली प्राकृत नावे मात्र वाचता आली, आणि त्या नावांवरूनच एका राजघराण्याचा क्रम लावता आला. ज्या टाक्यांनी ती अक्षरे खोदली त्या केव्हाच लोहाराच्या भट्टीत परत गेल्या असतील.

तेव्हा मुसळ आणावयाचे असेल तर त्याच्याबरोबर पुढील गोष्टी टिपून आणाव्यात. कडी किती वेळा बदलली; मुठीची जागा किती उंचीवर आहे, कारण त्यावरून कांडणारीची उंची कळते; ते एकटीचे होते की जोडीचे; घाण्यात ते शेवटचे केव्हा धरले गेले; त्यावर कोणती ओवी म्हटली जाई. आणि ज्या घरातून ते आले त्या घरची माणसे त्याच्यासाठी कोणते क्रियापद वापरतात: झिजले म्हणतात, मोडले म्हणतात की नुसते पडून आहे म्हणतात. नोंदवहीत यासाठी एक रकाना आखावा. ज्या मुसळापुढे ‘अजून लागते’ असे लिहिले जाईल, ते घेऊन येऊ नये.